डावीकडची चीर

शालोम गेला तेव्हा मी सहावीच्या वर्गावर होतो. मिठाच्या कचेरीतला शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि काही बोलेचना. मी खेकसलो, “अरे, काय झालं ते बोल ना!” तर म्हणाला, “मास्तर, तुमचे शालोमसाहेब...” पुढचं मी ऐकलंच नाही, खडू हातात तसाच घेऊन निघालो. छातीचं दुखणं त्याच्या मागे बरेच दिवस होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते, आम्हालाही ते कळत होतं. तरी आपला माणूस जाईल असं आपण धरून चालत नाही. या गोष्टीला आता महिना-दीड महिना झाला. पनवेलच्या घोडेस्वारावर दोन शब्द लिहा, असं मला कोणी सांगायला येणार नाही, कारण पनवेलात एक घोडेस्वार राहत होता हेच कोणाला ठाऊक नाही. लोकांना माहीत होता तो कचेरीतला कारकून, वेळेवर येणारा, वेळेवर जाणारा आणि मधल्या वेळात कोणाच्या अध्यात ना मध्यात. म्हणून मीच लिहायला बसलोय.

शालोमचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच भिंत. ते बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. त्याची आई तो रांगत असतानाच गेली. घरात वडील आणि थोरली बहीण रिबका. त्यामुळे शालोम अर्धा त्यांच्या घरात आणि अर्धा आमच्या स्वयंपाकघरात वाढला. माझी आई मूळची कामोठ्याची, मिठागरावरची. तोंडाने फटकळ, हाताने सढळ. शालोम हे नाव तिच्या जिभेला कधी जमलं नाही, ती त्याला ‘सालम’ म्हणायची आणि तो तिला मावशी. आईला एक गोष्ट अजिबात खपत नसे, ती म्हणजे फाटकं कापड. सदऱ्याला एवढंसं भोक दिसलं तरी ती पोराला दारातच धरायची. “फाटकं घालून माझ्या दारातून कोन जायचा नाय. लोक म्हनतील, याला घरात कोन नाय.” तिचं रफू असं की कापड उलटंपालटं करून बघितलं तरी जागा सापडू नये. शालोमच्या लहानपणीच्या एकेका सदऱ्यात सुतापेक्षा तिचे टाके जास्त असतील.

लढाईच्या वर्षांत शालोम लष्करात कारकून म्हणून भरती झाला. जनावरांच्या तळावर त्याची नेमणूक झाली, आणि हिशेब लिहिता लिहिता हा पठ्ठ्या घोड्यावर बसायला शिकला. शिकला म्हणजे काय, वेडाच झाला! लढाई संपून घरी आला, मिठाच्या कचेरीत लागला, पण डोक्यात घोडाच. टांग्याची घोडी सोडवून घेऊन कोन गावच्या माळावर पळवायचा, बांधावरून उड्या मारायचा. एरवी चार माणसांत मान वर न करणारा शालोम घोड्यावर बसला की ताठ व्हायचा, मोठ्याने हसायचा, चक्क गाणी म्हणायचा. त्या माळावर मी पाहिलेला शालोम आणि कचेरीतला शालोम ही दोन वेगळी माणसं होती, हे मी शपथेवर सांगेन.

मग स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी पुण्याच्या एका स्पर्धेची बातमी त्याने आणली. घोडेस्वारांच्या उड्यांची स्पर्धा. पहिल्या दोघांत जो येईल त्याला घाटावरच्या एका मोठ्या शाळेत मुलांना घोडेस्वारी शिकवायची नोकरी मिळणार होती. राहायला जागा, आणि दिवसभर घोडे! शालोमला आयुष्यात दुसरं काही नकोच होतं. घोडा तिथलाच मिळणार होता. कपडे मात्र ज्याचे त्याने आणायचे, आणि त्या कपड्यांचा कडक नियम. कोट काळा किंवा गडद निळा, तुमान पांढरी, गळ्याला पांढरी पट्टी, काळे उंच बूट. आम्ही दोघं कामाला लागलो. चोरबाजारातून लष्करी बिरजिस मिळाली, ती खाकी. मांडीला फुगीर आणि पोटरीला घट्ट असली ती घोड्यावरची तुमान आईने सोड्यात इतक्यांदा उकळली की शेवटी ती बिचारी पांढरी झाली. बूट मिळाले ते एक माप मोठे, त्यांत चिंध्या कोंबल्या. आईला हा सगळा अवतार बघून हसू आवरेना. “सालम, ह्यो घोडा हाय का नवरी? कोनासाठी इतका नटतोस?”

कोट बाजारातल्या करीमचाचांकडे शिवायला टाकला. चाचांनी जन्मभर लग्नाचे कोट शिवलेले. शालोम त्यांना परोपरीने सांगत होता की कोट कमरेत बसता हवा आणि मागे लांब चीर हवी, नाहीतर खोगिरावर बसल्यावर तो वर गोळा होतो. चाचांना काही ते पटेना. “अरे बेटा, चीर कायको? मागून सगळं उघडं दिसेल, लोग हसेंगे.” मी म्हणालो, “चाचा, लग्न नाही, घोड्यावर बसायचंय.” त्यावर चाचा म्हणाले, “तो क्या हुआ? नवरदेव काय गाढवावर बसतो?” आम्ही तिघंही पोट धरधरून हसलो. पण चीर ठेवली त्यांनी, आणि कोट बसला असा की अंगावरच वाढला असावा. त्या कोटाची आठवण निघाली की मला आधी ते हसणं आठवतं... आणि मग पुढचं सगळं.

कोट आला त्या दिवशी शालोमचे वडील अंथरुणावर होते. तापाने खंगले होते. त्यांनी हट्ट धरला, घालून दाखव. शालोम काळा कोट, पांढरी बिरजिस, बूट, सगळा सरंजाम चढवून त्यांच्यासमोर उभा राहिला. म्हातारा किती तरी वेळ बघत होता. “साहेब दिसतोस रे,” एवढंच बोलला. आणि त्याच संध्याकाळी गेला. शालोमच्या अंगावर कोट तसाच होता. आम्ही शेजारी बाहेर ओटीवर बसलो होतो. आत त्यांच्या वडीलधाऱ्यांनी काय विधी केले ते आम्ही पाहिलं नाही, विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी कबरस्तानात नेतानाही कोट त्याच्या अंगावर होता, आणि छातीवर डावीकडे तो चांगला टीचभर फाटलेला होता. मला वाटलं, तिरडी उचलताना कुठेतरी अडकला असेल. अशा वेळी कोटाकडे कोण बघतं?

महिना उलटून गेला. स्पर्धा तोंडावर आली. त्यांच्यात वर्षभर सुतक पाळतात, गाणंबजावणं, समारंभ वर्ज्य. पण ही नोकरीची गोष्ट, म्हणून वडीलधाऱ्यांनी जाऊ दिलं. निघायच्या आदल्या दिवशी शालोम कचेरीत रजा मागायला गेला आणि जाताना कोट आमच्याकडे इस्त्रीला टाकून गेला, कारण कोळशाची इस्त्री आमच्याच घरी होती. फाटलेल्या जागी रिबकाने लांब लांब धावदोरा घातला होता, नुसता धरून ठेवण्यापुरता. आईने तो पाहिला आणि कपाळावर हात मारला. “काय गं बाय हे टाके! आईवेगळी पोर, तिला कोन शिकवनार? असा कोट घालून साहेबांच्या पुढं जायचा व्हय ह्यो?” तिने तो धावदोरा उसवला आणि दुपारभर उंबऱ्यात उजेडाला बसून रफू केलं. आयुष्यातलं सगळं कसब तिने त्या टीचभर जागेत ओतलं. मग इस्त्री केली, धुवट धोतरात कोट गुंडाळला आणि गाठोडं बांधून ठेवलं. “आता बघू दे कोन नाव ठेवतो माझ्या सालमला!”

पहाटेच्या एस.टी.ने आम्ही घाट चढून पुण्याला गेलो. मैदानाच्या कडेला एका झाडाखाली शालोमने कपडे बदलायला घेतले. बिरजिस झाली, बूट झाले, गळ्याची पट्टी मी बांधली. मग त्याने कोट हातात घेतला आणि डाव्या बाजूवरून बोट फिरवलं. परत फिरवलं. कोट उलटा करून पाहिला. “चीर कुठंय?” म्हणाला. मी ऐटीत सांगितलं, “आईने रफू केलंय. सापडते का बघ!” शालोम कोट मांडीवर घेऊन खाली बसला. त्याचा चेहरा असा उतरला की मला वाटलं चक्कर आली. मग हळूहळू सगळं बोलला. वडील गेले की मुलाने अंगावरचं वस्त्र छातीपाशी, हृदयाच्या बाजूला, फाडायचं असतं. महिन्यानंतर वरवर टाचलं तर चालतं, पण नीट शिवायचं कधीच नाही. जन्मभर नाही. आईबापाचं दुःख पुन्हा सांधत नाही म्हणून. घरच्यांनी त्याला जुना सदरा घाल आणि तो फाड असं सांगितलं होतं, पण यानेच ऐकलं नाही. “बाबांनी मला शेवटचं या कोटात पाहिलं. मग दुसरं काय फाडणार होतो मी?”

मी म्हणालो, “अरे, चुकून झालंय. आता घाल, नोकरी मिळव, घरी जाऊन पाहिजे तेवढा उसव. इथे कोण बघतंय?”

“मी बघतोय ना,” म्हणाला.

आणि दाढीच्या सामानातलं पातं काढून त्याने आईचं ते रफू एकेक टाका करून कापलं. मी हातापाया पडलो, शिव्या दिल्या, काही म्हणजे काही उपयोग झाला नाही. दोरा आमच्याकडे नव्हता. मी कुठूनशी एक पिन मिळवली, ती त्याने लावली. मैदानाच्या दाराशी एक निवृत्त लष्करी साहेब प्रत्येकाचे कपडे तपासून आत सोडत होते. माणूस वाईट नव्हता. मराठीत म्हणाले, “हे काय? कोट फाटलाय तुमचा.” शालोम म्हणाला, “वडील वारले, साहेब. आमच्यात फाडतात.” साहेब म्हणाले, “वाईट वाटलं. पण या कोटात मी तुम्हाला सोडू शकत नाही. कोणाचा तरी मागून घाला, मी थांबतो.” मी कोट मागायला पळणारच होतो, तर शालोमने माझं मनगट धरलं. “नको,” म्हणाला. “या कोटाच्या जागी दुसरा कोट नको.” बस्स. कुंपणाबाहेर उभं राहून आम्ही दुसऱ्यांच्या उड्या पाहिल्या. त्याला मिळायचा तो तांबडा घोडा दुसऱ्याच कोणीतरी नेला. मला त्या दिवशी शालोमचा भयंकर राग आला होता, आणि खोटं कशाला बोलू, अजूनही येतो.

परतीच्या एस.टी.त तो खिडकीबाहेर बघत बसला होता. घाट उतरल्यावर एकदाच बोलला. “मावशीला यातलं काही सांगायचं नाही. घोडा बुजला म्हणायचं.” तसंच सांगितलं. आईने त्या घोड्याला तोंड भरून शिव्या घातल्या आणि पुढे कित्येक वर्षं घालत राहिली. “त्या मुडद्या घोड्यानं माझ्या पोराचं वाटोळं केलं!” शालोम खाली मान घालून तिच्या हातची भाकरी खायचा आणि म्हणायचा, “जाऊ दे मावशी, जनावरच ते.” त्यानंतर तो घोड्यावर कधी बसला नाही. टांग्याच्या घोड्यांवरून जाता येता हात फिरवायचा, तेवढाच काय तो संबंध. कचेरी आणि घर, घर आणि कचेरी. लग्न केलं नाही. त्याचे चुलते, मामा एकेक करून इस्रायलला निघून गेले, घरांना कुलपं लागली. रिबका लग्न होऊन ठाण्याला गेली. हा इथेच राहिला, आणि खोकत खोकत झिजत गेला. एका चांगल्या माणसाची अशी माती व्हावी, याला काय म्हणायचं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

तो गेला त्या दिवशी प्रार्थनेला त्यांच्यातले दहा पुरुष लागतात, तेवढे पनवेलात मिळेनात. ठाण्याहून रिबकाची माणसं येईपर्यंत तो तसाच पडून होता. आई सारा वेळ त्याच्या उशाशी बसलेली. मग सगळे आल्यावर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पातं घेतलं आणि रिबकाच्या पोलक्याला छातीपाशी उजवीकडे चीर दिली. आई दचकली. “अगो, हे काय? चांगलं पोलकं फाडलं!” रिबका रडत रडतच सांगू लागली, “आमच्यात असतंच तसं, मावशी. भावासाठी उजवीकडे, हे नंतर शिवता येतं. आईबापासाठी डावीकडे. ते कधी शिवायचं नसतं. बाबांच्या वेळी शालोमने नाही का तो नवा कोट...” आणि ती थांबली. आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. “घोडा बुजला नव्हता. नाय का रे?” मी नजर खाली वळवली. तिला तेवढं पुरलं. “आनि भाकरी खात होता माझ्या हातची... एका शब्दानं बोलला नाय पोरगा.” मग बाज उचलायला माणसं पुढे झाली. आई घाईघाईने उठली, आणि बाजेच्या खिळ्याला अडकून तिच्या लुगड्याचा पदर टर्रकन फाटला.

रिबकाने ट्रंकेतून तो कोट काढून आईला दिला. आता तो आमच्या माजघरात खुंटीला आहे. कापड विटलंय, मागची करीमचाचांची चीर अजून सरळ आहे आणि पुढची डावीकडची तशीच उघडी. आई रोज त्याच्यावरची धूळ झटकते, त्या जागेला मात्र हात लावत नाही. परवा माझी बायको सुईदोरा घेऊन तिच्याजवळ बसली. म्हणाली, “आई, पदर किती दिवस फाटका घेऊन वावरताय? द्या, दोन टाके घालते.” आईने पदर तिच्या हातातून ओढून घेतला.

“आईबापाचा शिवायचा नाय, भावाचा शिवायचा, असं रिबका म्हनाली. लेकाचा काय करायचा ते मी इचारलंच नाय,” ती म्हणाली. “ऱ्हाऊ दे.”