चिठ्ठीत निघालेला पाडा

चिठ्ठीवर आमच्या पाहणीवाल्या साहेबांइतका विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या जव्हार-मोखाड्यात दुसरा झाला नसेल. संस्थान विलीन झालं तसा मी दरबारच्या कचेरीतून सरकारी कचेरीत आलो. खुर्ची तीच राहिली, फक्त वर साहेब नवे आले. लोकांची जन्ममृत्यूची पाहणी करायची, तर सगळे डोंगर पालथे घालणं शक्य नव्हतं. म्हणून साहेब प्रत्येक पाड्याच्या नावाची चिठ्ठी करून तांब्यात घालत. जो पाडा निघेल त्यातलं झाडून प्रत्येक घर विचारायचं, न निघालेल्याकडे वळूनही बघायचं नाही. चिठ्ठ्या स्वतः काढायला ते घाबरत. मनात नसतानाही हात पक्षपात करतो म्हणे. खोडाळ्याच्या बाजारात सुकट विकणाऱ्या बाईला त्यांनी हे काम दिलं, कारण तिला कुठल्याच पाड्याचं सोयरसुतक नव्हतं. चिठ्ठ्यांना मात्र महिनाभर बोंबलाचा वास येत होता.

ऐन वैशाखात तिने सूर्यमाळचा पार टोकाचा पाडा काढला. मी म्हटलं, "साहेब, अलीकडचाच घेऊ. माणसं सारखीच." ते म्हणाले, "लग्न ठरवायचं एकीशी आणि घरी आणायची तिची शेजारीण?" गेलो. एका घरातली माणसं पाण्याला लांब गेली होती, तर साहेब ती परत येईपर्यंत उन्हात दारासमोर बसून राहिले.

परतताना त्या अलीकडच्या पाड्यावरच्या एका म्हातारीने वाट अडवली. तिकडे सगळे एकमेकांना अरेतुरेच करतात.

"त्यांच्याकडं दिसभर बसलास. आमच्यात कोन मेला नाय का? माझी सून गेली बाळंतपनात, पोरही गेला. तिला नाय लिवनार?"

साहेबांनी तिला चिठ्ठ्या समजावल्या. "आजी, त्यांचं लिहिलं की त्यात तुमचंही आलं."

"माझी सून त्यांच्यात कशी येल?"

 साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हातारीच्या अंगणात मांडी घातली. सुनेचं नाव काय, माहेर कुठलं, कळा कधी सुरू झाल्या, डोलीतून खाली नेताना कुठे गेली, सगळं विचारलं. ऊन उतरेपर्यंत ऐकलं. लिहिलं एक अक्षरही नाही. मला त्यांचा रागही आला आणि त्यांच्याबद्दल मायाही वाटली.

उतारावर मी म्हटलंच, "लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"हिशेब चुकला असता," ते म्हणाले. थोडं चालून थांबले. "सुनेचं नाव बुधीच म्हणाली ना ती?"

"हो."

पुढे साहेबांची बदली झाली, पाहणीचा अहवालही छापून आला. निवडलेल्या पाड्यांतल्या माणसांची नावं आता मला एकही आठवत नाहीत. बुधीचं तेवढं आठवतं.