न उसवणारी लेस

त्या वर्षी मी इतकी दमलेली होते की लिफ्टमध्ये कुणी हसून बोललं तरी डोक्यात तिडीक जायची. पुण्याहून सासूबाई आमच्याकडे परदेशी आल्या होत्या, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. नवरा जुरोंग आयलंडवरच्या कामावरून कंपनीच्या बसने आला की सोफ्यावर आडवा. माझं ऑफिस बिशानच्या त्या फ्लॅटमधल्या जेवणाच्या टेबलावरच मांडलेलं. लेकाला म्हटलं, जरा भांडी लाव रे, की इथल्या पोरांसारखं 'लेटर लाह', म्हणजे नंतर बघू. त्या लेटर लाहचं काय करायचं, सांगा!

अशात एका रविवारी दुपारी समोरच्या फ्लॅटमधली आर्मेनियन बाई दारात उभी राहिली. उजवा हात प्लास्टरमध्ये. बाथरूममध्ये पाय घसरून मनगट मोडलं होतं. ही बाई शनिवारी ईस्ट कोस्टकडच्या बाजारात तिच्या देशातल्या हातकामाचा स्टॉल लावायची. चांदीच्या बारीक तारांची कानातली, इवलीशी डाळिंबं लावलेली गळ्यातली, सुईने विणलेल्या लेसचे रुमाल. डाळिंब म्हणजे आमच्याकडे भरलं घर, असं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची. एकदा मलाही सांगून एक गळ्यातलं तिने माझ्या गळ्यात मारलं होतं.

आज मात्र तिने पिशवीतून एक पांढरी कॉलर काढली. तळहातावर घेतली तर वजन लागेना. तिच्या आईने नातीच्या, म्हणजे हिच्या लेकीच्या, लग्नासाठी करायला घेतली होती. पाऊणएक झाली आणि आई गेली. उरलेलं ही करणार होती, तर हात मोडून बसली. लग्न महिन्यावर आलेलं.

"तू खाली बाकावर बसून क्रोशा करतेस, मी पाहिलंय," ती म्हणाली. आम्ही दोघी इंग्रजीतच बोलायचो, तिचं तिच्या वळणाचं, माझं माझ्या. "एवढं पुरं करून दे."

मी म्हटलं, "अगं, तुझ्या देशात कुणाकडून तरी करून घे ना! तिथे किती चांगल्या हाताच्या बायका असतील."

"असतील. पण आईचं हे काम मला नजरेआड करायचं नाही. तू माझ्यासमोर बसून करशील."

खरं सांगते, जिवावर आलं होतं. नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं, ते नव्हतं, म्हणून हो म्हटलं.

मग रोज दुपारी सासूबाईंचा डोळा लागला, की लंच ब्रेकमध्ये मी समोर जायची. ती चहा ठेवायची आणि डाव्या हाताने हवेत टाके दाखवायची. त्या लेसला ना क्रोशाचा आकडा, ना फ्रेम. नुसती सुई आणि दोरा. आधीच्या ओळीतल्या फासात सुई घालायची, दोऱ्याचा वेढा घ्यायचा, गाठ आवळायची, पुढे एवढासा फास सोडायचा. पुन्हा गाठ. तिच्या आईच्या गाठी खसखशीएवढ्या, सगळ्या सारख्या. माझ्या म्हणजे देवा रे देवा! पण हळूहळू बसू लागल्या. त्या खोलीत कुणी मला हाक मारत नव्हतं, तेवढंच बरं वाटायचं.

एका दुपारी माझे फास मोजायचे चुकले आणि कडेची महिरप वाकडी गेली. मी काय करावं? जन्मभर क्रोशा केलेला हात. चुकलं की दोरा धरायचा आणि सर्रकन ओढायचा, ओळच्या ओळ उसवते. तसाच ओढला. उसवलं काही नाही. गाठी आणखी आवळल्या, कड गोळा झाली आणि तिच्या आईची शेवटची ओळसुद्धा त्या चुरगळीत खेचली गेली.

मी ओरडलेच, "अगं, हे काय करून बसले मी!"

ती उठली. कॉलर खिडकीशी नेऊन बघितली. मग कात्री आणून माझ्या हातात दिली. "काप."

"मी नाही हं कापणार. तुझ्या आईचं आहे ते. सगळं सुटेल!"

"सुटत नाही. प्रत्येक गाठ आपापली असते. काप, मला डाव्या हाताने जमणार नाही."

मी कापलं. माझी सगळी चूक आणि त्याबरोबर तिच्या आईचा बोटभर तुकडा. उरलेली कॉलर खरंच जशीच्या तशी राहिली, एक फास हलला नाही. तो तुकडा तिने उचलला आणि नखाने एक गाठ सोडवायला बघू लागली. सुटेना. मग ती रडली. मीही रडले. चहा गार झाला आणि माझी एक मीटिंग बुडाली. बुडू दे, म्हटलं.

ती लग्नासाठी तिच्या देशात जायच्या आधी कॉलर झाली. माझा भाग कुठला, हे आंधळ्यालाही हाताला लागलं असतं. मी तिला विनवलं, "मुलीला सांगू नकोस गं. सगळी आजीनेच केली म्हण." ती नुसती हसली.

लग्नाच्या आदल्या दिवशी तिचा व्हिडिओ कॉल आला. मी एका हाताने सासूबाईंच्या गुडघ्याला शेक देत होते. पडद्यावर तिची लेक, पांढऱ्या पोशाखात, गळ्याशी ती कॉलर. मुलीने आईला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. आईने तिच्या मानेपासून कडेकडेने बोट फिरवत आणलं, नेमकं माझ्या पहिल्या गाठीपाशी थांबवलं आणि मला कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाली, "इथे आजी दमली. इथून पुढे शेजारीण."

मुलीने कॉलरची ती कड बोटांनी उचलली आणि मान वाकवून माझ्या त्या वेड्यावाकड्या गाठींवर ओठ टेकले.

मी फोन ठेवला. सासूबाईंनी विचारलं, काय गं, रडतेस का? मी म्हटलं, "दमले हो आई. फार दमले."

त्यांनी माझ्या हातातली शेकाची पिशवी काढून घेतली आणि स्वतःच गुडघ्यावर धरली. "मग आधी सांगायचं नाही का?" म्हणाल्या. "जा, पड जरा."