गैरहजेरीचे बारा दिवस

माझ्यासारख्या मुलींना तेव्हा ‘मुखदुर्बळ’ म्हणत. माया करणारं कुणी असलं तर ‘लाजाळू’, आणि आमची आत्या असली तर सरळ ‘घुमी’. पण लाजणं वेगळं हो! लाजणाऱ्या मुलीच्या पोटात सकाळी उठल्याउठल्या कळ येत नाही. माझ्या यायची, आणि रविवारी मात्र कधीच यायची नाही. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्यासुद्धा नाही.

सत्तर सालच्या आगेमागे आम्ही मुलुंडला चाळीत राहायचो. मी सातवीत. वर्गाच्या बाई मान खाली घालून नंबर पुकारायच्या आणि आम्ही ‘हजर’ म्हणायचं. माझा नंबर एकेचाळीस. पस्तिसापासूनच छाती धडधडायची. मनातल्या मनात दहा वेळा घोकून ठेवायचे, आणि नंबर आला की घशातून हवासुद्धा निघायची नाही. बाई क्षणभर थांबायच्या, फुली मारायच्या, की पुढचा नंबर. शेजारणीला दया आली तर ती ओरडायची, “आहे बाई!” नाहीतर मी शेवटच्या बाकावर चांगली जिवंत बसलेली, आणि हजेरीपटात गैरहजर. नंतर जाऊन का नाही सांगितलं म्हणता? अहो, ते सांगता आलं असतं तर ‘हजर’ नसतं का म्हणता आलं!

व्हायचं तेच झालं. घरी चिठ्ठी आली. मुलगी महिन्यातले बारा दिवस शाळेत नव्हती, पालकांनी येऊन भेटावं. बाबा कारखान्यात होते, मूळचे मालवणकडचे. स्वतःचा एक खाडा झाला तर आठवडाभर हळहळणारा माणूस, आणि त्यांच्या मुलीचे बारा खाडे! शिवाय वयात येणारी पोर शाळेच्या नावाखाली जाते कुठे, ही धास्ती वेगळीच.

“खय जातंस गो तू? खरा सांग!”

मी नुसती रडले. न बोलणं म्हणजे कबुलीच धरली जाते.

“पुरे झाला शिकप. उद्या शाळेतला नाव काढतंय.”

बाबा बोलले की करायचे. चाळीतल्या दोघी अशाच घरी बसल्या होत्या, एकीचं तर लग्नही ठरलं होतं. शाळेचा मला धसका होता आणि शाळा मला हवीही होती. दोन्ही खरं होतं. पण हे सांगणार कुणाला, आणि कुठल्या तोंडाने?

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत वर्गाच्या बाईंनी हजेरीपट उघडून फुल्या दाखवल्या. बाबा टोपी हातात चुरगाळत उभे, मी त्यांच्या मागे. पलीकडे शिवणाच्या बाई आमच्या वह्या तपासत बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“कोण गैरहजर? ही?”

त्यांनी ढिगातून माझी वही ओढली. तासाला शिवलेला कापडाचा तुकडा त्यात चिकटवायचा आणि खाली तारीख घालायची, अशी पद्धत होती. धावदोरा, हेम, काजं. शिवण रोज नसायचं, पण बारांपैकी पाच तारखा तिथे होत्या, बाईंच्या सहीसकट. आणि प्रत्येक तुकड्यावर तांबूस डाग.

“हा गंज आहे,” बाई म्हणाल्या. “हिच्या हाताला इतका घाम येतो की सुई गंजते. एकटी शिवत असली की हात कोरडे. ‘सगळ्यांना दाखव’ म्हटलं की ओठ पांढरे पडतात. मग पाणी प्यायला जाते ती तास संपेपर्यंत येत नाही. मी बघतेय ना! मुलगी उनाड नाही हो, भेदरलेली आहे. चारचौघांत तोंड उघडायची तिला भीती वाटते. हात वर केला तरी हजर मांडा. आवाज येईल सावकाश.”

वर्गाच्या बाई ओशाळल्या. “मीच मान वर करून बघायला हवं होतं,” म्हणाल्या आणि त्यांनी फुल्या खोडायला घेतल्या.

मला वाटायचं, मी बावळट आहे, माझ्यात काहीतरी कमी आहे. ही भीती आहे, आणि ती बाहेरून दिसते, हे मला त्या दिवशी कळलं. आता तिला मोठमोठी नावं आहेत. मला ते साधं नाव जन्मभर पुरलं. त्या बाईंचे उपकार फिटायचे नाहीत.

फाटकाबाहेर आल्यावर बाबा थांबले. “बाईंका आभार सांगूक व्हये होते,” ते खाली बघत म्हणाले, “पण तोंडच उघडला नाय गो माझा.”

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. घरात गर्जणारा हा माणूस आत एक अक्षर बोलला नव्हता. बाबांवरचा माझा सगळा राग गेला, उलट त्यांची इतकी माया आली की काय सांगू!

“थांबा,” म्हटलं, आणि एकटीच परत गेले. शिवणाच्या बाईंनी मान वर केली.

“बाबांनी आभार सांगितलेत.” एका दमात म्हणून टाकलं.

“आणि तुझे गं?”

“माझे उद्या,” म्हणाले, आणि पळाले.