डाव्या बाजूचं लाल बटण

मी कृष्णात. गावात मला हवालदार म्हणत्यात. माघारी काय म्हणत्यात ते बी ठावं हाय, पर ते इथं सांगण्याजोगं न्हाई. पलटणीत असताना मी बर्फातनं, चिखलातनं, नदीच्या पात्रातनं ट्रक काढलाय. कराडच्या खालच्या अंगाला आमचं गाव. ही गोष्ट ज्यानं ऐकली न्हाई असा माणूस तिथं सापडला, तर तो कालच जन्माला आला असंल. पारावर बसून मी "आमी सिक्कीमला असताना" एवढं म्हणायचा अवकाश, निम्मी माणसं उठून चपला शोधाय लागत्यात. तरी मी थांबत न्हाई.

पेन्शनीत आल्यावर एक जुना सहा चाकी ट्रक घेतला. हंगामात रानातनं ऊस भरायचा, कारखान्यावर टाकायचा. ड्रायव्हर मीच, मालक मीच आणि स्वतःला शाबासकी देणारा बी मीच. झकास चाललं हुतं. मग उजव्या डोळ्यानं दगा दिला. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणल्या, "काका, आता मोठी गाडी चालवायची नाही. तुम्हाला कडेचं दिसतच नाही."

"मॅडम, मी सिक्कीमला असताना..."

"पुढचा पेशंट पाठवा," बाई म्हणल्या.

मग ड्रायव्हर ठेवले. एकेक करून सगळे पळाले. मी शेजारी बसून "क्लच! गिअर! अरं ब्रेक, ब्रेक!" करायचो. शेवटचा विश्वजित. त्यानं भर नाक्यावर गाडी बाजूला घेतली, किल्ली माज्या हातात ठिवली आणि म्हणला, "काका, गाडी तुमीच चालवताय की. मी उगंच कशाला मधी?" आणि वडापची जीप पकडून गेला बी.

ऱ्हायली माजी लेक, संयोगिता, आमची संयू. हेवी लायसन काढून बसली हुती. गाडी मीच शिकवलेली. पर ट्रकची किल्ली तिच्या हातात द्यायला माजा हात पुढं हुईना. आंघोळीला जाताना बी करदोड्याला किल्ली बांधून न्यायचो. शेवटी बायको कडाडली, "गंजू द्या ट्रक दारात, आणि त्याच्याशेजारी तुमी बी गंजा!" दिली किल्ली. मी क्लीनरच्या जागी, डाव्या बाजूला जाऊन बसलो. पोरगी चालवायची झकास, आणि हेच माजं दुखणं. चुकली असती तर मला बोलायला जागा तरी ऱ्हायली असती.

त्या साली दिवाळी झाली तरी पाऊस हटंना. आमची रानं काळी, घट्ट चिखलाची. भरलेला ट्रक निघताना मागचं एक चाक चिखलात गरागरा फिरायचं आणि दुसरं कोरड्यावर नुसतं बघत उभं. दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या डिफ्रेन्शियलचा धर्मच तसा, ज्या चाकाला फिरायला सोपं तिकडंच सगळी ताकद जाती. मग गावातल्या शिवतेजचा ट्रॅक्टर बोलवायचा. त्यो साखळी लावणार, वर मोबाईलवर व्हिडिओ काढणार आणि इचारणार, "हवालदार, सिक्कीमला कोण वडायचं?"

मी घरात जाहीर केलं, मागच्या ॲक्सलला लॉक बसवायचा, पलटणीच्या गाडीला असतोय तसला. बटण दाबलं की दोन्ही चाकं जखडली, संगंच फिरणार.

संयू म्हणली, "आबा, त्यापरीस लिमिटेड स्लिप बसवू. एक चाक सुटाय लागलं की दुसऱ्याला आपसूक जोर जातोय. बटण न्हाई, भानगड न्हाई."

"आपसूक?" माजं डोस्कं फिरलं. "सगळं आपसूक झालं तर माणसानं काय करायचं?"

"आणि लॉक काढायचा विसरून पक्क्या रस्त्यावर वळवली तर? वळताना दोन चाकं कमीजास्त फिराय लागत्यात, जखडलेली असली तर ॲक्सल तुटंल."

"विसरंल कोण? मी?"

सांगलीत भूपाल अण्णांचं ॲक्सलच्या कामाचं दुकान हाय. अण्णा जैन, बोलणं मऊ, कुणाला दुखवायचं म्हणून न्हाई. त्यांच्या आवारात लॉकवाला एक ट्रक उभा हुता. मी म्हणलं, आवारातल्या आवारात चालवायला डोळं कशाला लागत्यात? चढलो. लॉक लावला, मागच्या चिखलातनं गाडी अशी काढली की कामगार बघतच ऱ्हायले. मी खिडकीतनं हात हलवला. त्याच तोऱ्यात गाडी काँक्रीटवर आणली आणि स्टेअरिंग फिरवलं. लॉक तसाच. टायर किंचाळाय लागले, गाडी वळायचं नाव घीना, आणि सरळ जाऊन अण्णांच्या पाण्याच्या टाकीवर चढली.

"असू द्या हवालदार," अण्णा म्हणले, "टाकी जुनीच हुती." टाकीवरचा प्लास्टिकचा कागद अजून काढलेला न्हवता.

ह्यातनं मी काय शिकलो? टाकी चुकीच्या जागी ठिवली हुती, एवढंच. घरी येताना बी माजं टुमणं चालूच, लॉक म्हंजे लॉक. संयू म्हणली, "बरं आबा. तुमी म्हणाल तसं." आमच्या घरात असं वाक्य कुणी कवा उच्चारलेलं न्हाई. मला तवाच वास यायला पायजे हुता.

मी डोळं दाखवाय मिरजेला गेलो त्या दिवशी तिनं गाडी अण्णांकडनं करून आणली. बघतो तर माज्या बाजूला, माज्या सीटपुढं लाल बटण आणि वर बारका दिवा. "बटण तुमच्याकडं," ती म्हणली, "मी सांगीन तवा लावायचा, सांगीन तवा काढायचा." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! त्या दिवशी मी मिशीला तेल लावलं.

मग काय, चिखल आला की संयू क्लच दाबून थांबायची आणि म्हणायची, "आबा, लॉक!" मी परेडवर असल्यागत वरडायचो, "लॉक लागला!" दिवा पेटायचा, गाडी भसाभसा निघायची. शिवतेजचा ट्रॅक्टर बांधावर नुसता उभा. पारावर मी लॉकवर भाषणं देऊ लागलो. लिमिटेड स्लिप म्हंजे आळशी माणसाचं काम, असं बी एकदा बोलून गेलो.

एक दिवस दिवा पेटंना. संयू कारखान्याच्या ऑफिसात गेलती, म्हणून मीच बटणाचं झाकण उघडलं. आत दोन वायरी. बॅटरीकडनं बटणाकडं, बटणाकडनं दिव्याकडं. मागं ॲक्सलकडं काय बी जात न्हवतं. मी सीटखाली बघितलं, गाडीखाली शिरून बघितलं, न्हाईच. अण्णांना फोन लावला. ते लय वेळ खोकत ऱ्हायले. मग म्हणले, "हवालदार, आत लिमिटेड स्लिप हाय. पोरीनं मला शपथ घातलीया."

लय राग आला. बटण उपटून फेकावं वाटलं. बटण बसल्यापासनं मी एका दिव्याची उघडझाप करत बसलो हुतो आणि पारावर भाषणं देत हुतो! लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, गाडीखालीच जरा रडलो. मग दिव्याची सुटलेली वायर जोडली. उद्या कडाडून बोलायचं, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी चिखलाच्या तोंडावर संयूनं गाडी थांबवली. "आबा, लॉक!" मी मुद्दामच हात हलवला न्हाई. ती थांबली. मागनं दुसऱ्या ट्रकवाल्यानं हॉर्न मारला, तरी थांबली. म्हंजे माजा हात बटणावर गेल्याबिगर ही पोरगी आजवर चिखलात कवाच निघाली न्हवती. मी बटण दाबलं. "लॉक लागला," म्हणलं, पर आवाज जरा बारका आला.

त्यानंतर मी रोज अण्णांना फोन करून त्यांचं डोस्कं खाल्लं. ती लिमिटेड स्लिप करती काय, कवा जमतं, कवा जमत न्हाई, सगळं इचारून घेतलं. आळशी माणसाच्या कामाचा मी आळस सोडून अभ्यास केला.

हंगाम सरत आला तवा एका रानात पाटाच्या चरात मागचं डावं चाक घसरलं आणि पार अधांतरी झालं. भरलेला ऊस एका अंगाला कलला. शिवतेज बांधावर मोबाईल काढून तयारच.

"आबा, लॉक!"

दाबला. अधांतरी चाक नुसतं भिरभिरलं, गाडी जागची हलंना.

"आबा, परत दाबा की."

परत दाबला. तेच. संयूचं तोंड उतरलं. गाडीची भीती न्हवती ती. खोटं उघडं पडणार म्हणून ती माज्याकडं बघंना. "ट्रॅक्टर बोलवते," म्हणून दार उघडाय लागली.

"बस खाली," मी म्हणलं. "चाक पार सुटलं की लिमिटेड स्लिपला धरायला काय ऱ्हात न्हाई. पहिला गिअर टाक, क्लच सोड. आता डावा पाय ब्रेकवर, हलकाच. फिरत्या चाकाला थोडं अडव, मग जोर दुसऱ्याला जाईल. ॲक्सिलेटर सोडू नगं."

ती माज्याकडं बघतच ऱ्हायली.

"अगं, माज्याकडं काय बघतीस? पुढं बघ!"

तिनं गिअर टाकला, क्लच सोडला, ब्रेकवर हलका पाय ठिवला. गाडी कण्हली, उजव्या चाकानं माती धरली आणि चरातनं वर आली. बांधावर शिवतेज शिट्ट्या मारत हुता. संयूनं गाडी कोरड्यात उभी केली.

"तुमास्नी ठावं हुतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"दिवा गेलता तवापासनं."

"मग बटण का दाबत ऱ्हायला आबा?"

"तू थांबत ऱ्हायलीस म्हणून."

ती ओढणीनं डोळं पुसत ऱ्हायली. माजं बी नाक गळाय लागलं, ते मी धुळीवर ढकललं. तेवढ्यात शिवतेज वरडला, "हवालदार, लॉक लय भारी हाय तुमचा!"

मी खिडकीतनं तोंड काढलं. "मग? पलटणीचा हाय!"

संयू खुदकन हसली, गिअर टाकला आणि गाडी डांबरी रस्त्याला लावली. वळणाच्या आधी जरा थांबली आणि म्हणली, "आबा, लॉक काढा."

मी काढला.