पाणी मुरत होतं

डोळ्यांच्या दवाखान्याच्या ट्रस्टची गाडी दिवे घाटात बंद पडली, तेव्हा तिच्यात एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेली सात म्हातारी माणसं होती. पुण्यात मोतीबिंदू काढून सासवडकडे घरी निघालेली. एप्रिलची दुपार. टेम्परेचरचा काटा बघता बघता लाल रेघेवर गेला, बॉनेटखालून वाफ सुटली आणि भीमराव ओव्हाळांनी गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. दुसरी गाडी येईपर्यंत सव्वा तास ती माणसं गाडीच्या वीतभर सावलीत बसून राहिली. एका आजीने विचारलं, "डायवरसाहेब, पाणी घालायचं राहिलं का?"

राहिलं नव्हतं. सकाळी सहाला भीमरावांनी स्वतःच्या हाताने घातलं होतं. त्यांचे वडील एस.टी.त क्लीनर होते. मुलाला त्यांनी दोनच गोष्टी शिकवल्या: वाचल्याशिवाय सही करायची नाही आणि बघितल्याशिवाय गाडी काढायची नाही. ड्रायव्हरीच्या बत्तीस वर्षांत भीमरावांनी दोन्ही मोडल्या नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी मेमो आला. 'वाहनातील पाण्याची पातळी न तपासण्याच्या आपल्या निष्काळजीपणामुळे रुग्णांना त्रास झाला...' खाली ट्रस्टचे मॅनेजर अनिरुद्ध यांची सही. भीमरावांनी तो तीनदा वाचला आणि थेट केबिनमध्ये गेले.

"साहेब, दोन महिने मी सांगतोय, पाणी कमी होतंय. वर्कशॉपने झाकण बदललं, पाइप बदलला, वॉटर पंप बदलला. तरी रोज अर्धा लिटर जातंय."

"जातंय म्हणजे कुठे जातंय? खाली थेंब तरी दिसतो का?"

"नाही."

"मग गाडी पिते म्हणायची!" अनिरुद्ध हसले. "मनाला लावून घेऊ नका, भीमराव. वय झालं की विसरायला होतं. आणि हो, एकदा डोळे तपासून घ्या. आपल्याकडे फुकटच आहे."

भीमरावांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. कारण हे वाक्य नेमकं दुखऱ्या जागी बसलं होतं. महिनाभर त्यांना समोरची काच धुरकट दिसत होती. रोज सकाळी ते फडक्याने ती आतून पुसायचे आणि दुपारपर्यंत पुन्हा तेच. मोतीबिंदूच्या गाडीवरच्या ड्रायव्हरलाच मोतीबिंदू! ही भीती त्यांनी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

"सही करा," अनिरुद्ध म्हणाले.

"वाचलं. पटलं नाही. करणार नाही," भीमराव म्हणाले आणि बाहेर पडले.

खराडीच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझरने गाडीकडे लांबूनच पाहिलं. "हेड गॅस्केट गेलंय, काका. पाणी इंजिनात जळतंय. एवढी जुनी गाडी, इंजिन उतरवावं लागणार."

"तपासलं का?"

"अनुभव आहे आमचा."

"मग झाकण, पाइप आणि पंप बदलताना हा अनुभव कुठे गेला होता? जेवायला?"

तिथल्या तिथे चावी घेऊन त्यांनी गाडी बाहेर काढली. परवानगी कुणाची विचारली नाही. डिकीत पाण्याचे दोन कॅन ठेवले, काट्यावर नजर ठेवली आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत बिबवेवाडीत बजरंगच्या गॅरेजवर आले. बजरंग मूळचा उरुळीकडचा. कमी बोलायचा आणि बोलला तरी गाडीशीच जास्त.

"इंजिन उतरवायचं म्हणतात," भीमराव म्हणाले.

"म्हणू द्या. आधी बघू."

इंजिन गार झाल्यावर बजरंगने ऑइलची पट्टी काढून बोटावर पुसली. ऑइल स्वच्छ होतं. पाणी मिसळलं असतं तर दुधाळ झालं असतं. मग त्याने पाणी भरलं, गाडी चालू केली आणि रेडिएटरच्या तोंडावर निळ्या औषधाची काचेची नळी धरली. "इंजिनातला धूर पाण्यात येत आसंल तर ह्ये पिवळं पडंल." दोघं नळीकडे बघत राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. औषध निळं ते निळंच.

"हेड ठणठणीत हाय," बजरंग म्हणाला.

भीमरावांना आनंद व्हायला हवा होता. झाला संताप. एवढी साधी तपासणी दोन महिन्यांत कुणालाच सुचली नाही, आणि सुचला तो मेमो!

इंजिन पुन्हा गार झालं. आता बजरंगने रेडिएटरला हातपंप लावला, दाब भरला आणि घड्याळ बघितलं. पाच मिनिटांत दाबाचा काटा जागचा हलला नाही.

"वर्कशॉपवाल्यांनी हातपंप हितंच काढून ठेवला आसंल. चला, जेवून येऊ."

तासाभराने परतले तेव्हा काटा निम्म्यावर आला होता. भीमराव पुठ्ठा टाकून गाडीखाली शिरले. जमीन कोरडी. पाइप कोरडे, पंप कोरडा. बाहेर येऊन ते पुठ्ठ्यावरच बसले. पाणी तर जातंय. खाली पडत नाही, इंजिन पीत नाही. मग राहिलं काय?

"काच पुसता का वो तुमी सारखी?" बजरंगने अचानक विचारलं. तो पुढच्या काचेवर आतून बोट फिरवत होता. बोट चिकट झालं होतं.

भीमराव पुठ्ठ्यावरून उठले. "पुसतो. रोज. मला वाटलं, माझे डोळेच..."

"डोळ्याला काय झालंय? हीटर फुटलाय आत, इंजिनाचं गरम पाणी त्यातनं फिरतं. डॅशबोर्डाखाली. त्याची वाफ बसतीया काचंवर."

बजरंगने डाव्या सीटपुढचं रबरी मॅटिंग उचकटलं. खालचा जाड, लोकरीसारखा नमदा कूलंटच्या हिरव्या पाण्याने फुगला होता. हाताने दाबला तसं ओंजळभर पाणी वर आलं, चिकट, गोडसर वासाचं. दोन महिने पाणी तिथे मुरत होतं.

भीमरावांनी तो वास घेतला आणि त्यांचा राग गपकन जागच्या जागी थांबला. हा वास ते ओळखत होते. डोळे तपासणारी शेफाली रोज त्याच सीटवर बसायची. तीन आठवड्यांपूर्वी तिथे असाच गोडसर वासाचा चिकट डाग दिसला, तेव्हा तिने सरबत सांडलं असं समजून वारज्याच्या शिबिरात, भरल्या रांगेसमोर ते तिच्यावर ओरडले होते. "घरी पण असंच सांडता का?" ती म्हणाली होती, "काका, मी काही सांडलं नाही." "मग काय गाडीला घाम फुटतो?" त्या दिवसापासून शेफाली मागे, पेशंटमध्ये बसायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी भीमराव नमद्याचा तुकडा बादलीत घालून ऑफिसात घेऊन गेले आणि अनिरुद्धांच्या काचेच्या टेबलावर ठेवला. हिरवे ओघळ फायलींकडे धावले.

"अहो, हे काय!"

"गाडी पिते म्हणालात ना? हे तिच्या पोटातलं."

सगळं ऐकल्यावर अनिरुद्ध टिश्यूने टेबल पुसत म्हणाले, "ठीक आहे, गैरसमज झाला. विसरून जाऊ."

"निष्काळजी लेखी म्हणालात. गैरसमज तोंडी कसा चालेल?" भीमरावांनी खुर्ची ओढली आणि बसले. दोन फोन झाले, एक मीटिंग झाली, चहा येऊन गेला. ते हलले नाहीत. चार वाजता मेमो मागे घेतल्याचं पत्र टाइप होऊन आलं. त्यांनी ते सावकाश वाचलं, 'गैरसमज'मधली चुकलेली मात्रा दुरुस्त करायला लावली आणि मगच घडी घातली.

शेफाली जिन्यात भेटली. भीमरावांनी तिला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "चूक माझी होती."

"मला माहीत होतं, काका," ती म्हणाली. "साहेब तुम्हाला बंद केबिनमध्ये बोलले तर तुम्ही टेबल भिजवलंत. मला तुम्ही साठ माणसांसमोर बोललात. मी काय भिजवायचं होतं?"

बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच भीमरावांनी कुणाचा तरी राग मान खाली घालून, मध्ये न बोलता, शेवटपर्यंत ऐकून घेतला. तो पुष्कळ वेळ चालला. शुक्रवारच्या शिबिरात रांग लागली, तेव्हा नावं पुकारण्याआधी ते पुढे आले आणि मोठ्याने म्हणाले, "एक मिनिट. मला या मॅडमची माफी मागायची आहे." रांगेतल्या कुणाला काही कळलं नाही. शेफालीने मान वर केली नाही. तिने पहिल्या पेशंटला खुर्चीत बसायची खूण केली.