चिठ्ठी नसलेले भुंगेरे

"मामा, किती वेळा सांगू? त्या चिठ्ठ्या मंगळवारी सुक्या कचऱ्यात गेल्या."

"एकसष्ट चिठ्ठ्या! एकीवर तरी काय लिहिलंय ते वाचावंसं वाटलं नाही तुला?"

"मुंगीएवढं अक्षर. मला वाटलं, असेल काहीतरी नंबर."

"नवी साडी नेसताना किमतीची चिठ्ठी आपण फाडतोच की," डाळ निवडता निवडता महानंदाबाई म्हणाल्या. "पोरीनं हौसेनं केलंय. एवढं काय ओरडायचं?"

ती हौस भिंतीला टेकवून ठेवली होती. मोठी काचेची फ्रेम. आत पांढऱ्या मखमलीवर रांगोळीसारखे मांडलेले भुंगेरे. मध्ये हिरवे, भोवती तांबूस, कडेला काळे. देवाप्पांच्या सत्तरीसाठी त्यांना मामा म्हणणाऱ्या सुनेनं, रंजितानं, बेंगळूरच्या शिवाजीनगरातून करून आणलेली. फ्रेमवाला म्हणाला होता, "अक्का, प्रत्येकाच्या खाली कागद लोंबतोय. स्वल्प घाण दिसतंय." म्हणून तिनं दोन दुपारी बसून टाचण्यांवरचे सगळे कागद काढले होते. एकाही भुंगेऱ्याचा पाय मोडू दिला नव्हता.

देवाप्पा पाटील खानापूरकडचे. केमिस्ट्रीची पदवी घेऊन चोविसाव्या वर्षी बेंगळूरला आले आणि कीटकनाशकाच्या कारखान्यात लागले. काचेच्या बशीत किडे सोडायचे, औषध फवारायचं, तासाभरानं मेलेले किती ते लिहायचं. एकदा एक काळा भुंगेरा मेलाच नाही. बशीच्या कडेवर चढायचा, घसरायचा, पुन्हा चढायचा. देवाप्पांनी साहेबांना त्याचं नाव विचारलं. साहेब म्हणाले, "किडा आहे. 'इतर'मध्ये लिहा." बाटलीवर चिठ्ठी नसेल तर आतलं कितीही स्वच्छ दिसो, ते वापरायचं नाही, हा प्रयोगशाळेतला नियम देवाप्पांच्या हाडात मुरला होता. त्यांना ते 'इतर' खटकलं. भुंगेरा जेवणाच्या डब्यातून घरी आला. नवी नवरी असलेल्या महानंदाबाईंनी तो डबा पुन्हा कधी वापरला नाही.

त्याचं नाव सापडायला दोन वर्षं लागली. तोवर घरात भुंगेऱ्यांच्या चार पेट्या झाल्या होत्या. पुढं कृषी महाविद्यालयातले प्राध्यापक त्यांना फोन करून भुंगेऱ्यांची नावं विचारू लागले. नोकरी मात्र शेवटपर्यंत किडे मारण्याचीच राहिली.

दर जूनला पंधरा दिवसांची रजा आणि गाव. जंगलात चरून आलेल्या म्हशींच्या मागं देवाप्पा काडी घेऊन हिंडायचे. बाया महानंदाबाईंना विचारायच्या, "बेंगळूरचा साहेब शेण का उकरतोय गं?"

"अंगठी हरवलीय त्यांची," त्या म्हणायच्या. "दर वर्षी हरवते."

मग थोरला भाऊ गेला, घर विकलं गेलं, गुडघा धरला. बारा वर्षांत गाव झालं नाही. रविवारी देवाप्पा एखादी पेटी उघडत आणि भिंग धरून बसत. घरच्यांना वाटायचं, भुंगेरे बघतायत. ते चिठ्ठी वाचत असत. 'जांबोटी, ओढ्याचा डावा काठ, म्हशीचं शेण, १४ जून १९९४.' एवढंच. पण तेवढ्यावर त्यांची अर्धी सकाळ जायची.

ओरडून झाल्यावर ते जुन्या वह्या घेऊन बसले. रंजिता शेजारी खुर्ची ओढून बसली, कुणी न सांगता. तिनं तारखा वाचायच्या, त्यांनी फ्रेममधला भुंगेरा ओळखायचा. आठ दिवसांत अठरा जुळले. बाकीचे जुळेनात, एकाच जातीचे पाच भुंगेरे, पाच वेगवेगळ्या ओढ्यांवरचे. आणि हा संग्रह पुढच्या महिन्यात एका विद्यापीठाच्या संग्रहालयाला जायचा होता. तिथल्या बाईंना देवाप्पांनी फोनवर सगळं सांगितलं.

"सर, ठिकाण आणि तारीख नसेल तर नाही घेता येणार. शाळेत मुलांना दाखवायला द्या ना."

"सरी, ठीक आहे," देवाप्पा म्हणाले आणि फोन ठेवला.

"आप्पा, एक सांगू?" त्यांचा मुलगा नागराज लॅपटॉपमधून डोकं काढून म्हणाला. "सगळे त्याच जंगलातले आहेत ना? मग लिहा जांबोटी. कोण बघायला जातंय? भुंगेरे तक्रार करणारेत?"

महानंदाबाईंनाही ते पटलं. "लिहून टाका आणि मोकळे व्हा. पोरगी आठ दिवस नीट जेवली नाही."

देवाप्पांनी कोरा कागद कापला. बारीक निबाचं पेन घेतलं, आणि 'जांबोटी' लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं. त्यांनी चिठ्ठी भिंगाखाली धरली. पूर्वी चिठ्ठी वाचली की समोर उभा राहायचा तो ओढा, ओल्या मातीत रुतलेल्या चपला, दुरून हाक मारणारा भाऊ. ही चिठ्ठी त्यांनी तीनदा वाचली. राजाजीनगरच्या खोलीतला पंखा फिरत होता, खाली भाजीवाला ओरडत होता. दुसरं काहीच आलं नाही.

त्यांनी ती फाडली.

"मामा, राहू दे," रंजिता म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मीच..."

"तू रडू नकोस. पाय एकाचाही मोडला नाहीस, हे मी बघितलंय."

मग ते आत गेले आणि गावाकडच्या चुलतभावाच्या मुलाशी बराच वेळ फोनवर बोलले. बाहेर आले तेव्हा ताटं मांडली होती. देवाप्पा पाटावर बसले, गुडघा सरळ केला, आणि पहिला घास घ्यायच्या आधी म्हणाले,

"बुधवारच्या गाडीनं मी गावी जातोय, कोऱ्या चिठ्ठ्या घेऊन. दिवाळीपर्यंत येणार नाही."