घड्याळाच्या घराण्याला कुंकू

कुणी वेळ विचारली की अण्णा उजव्या हातानं डावी बाही वर सारायचे आणि म्हणायचे, "थांबा, घराण्याला इचारतो." मग मनगटावरच्या स्विस घड्याळाकडे असे अदबीनं बघायचे, जणू तिथं कुणी वडीलधारं बसलंय.

निजामी अमलात पाटोद्याच्या कचेरीत आम्ही दोघं कारकून. ते थोरले, मी नवाच. मनगटावर बांधायचं घड्याळ तेव्हा आमच्याकडच्या पाटलांनीसुद्धा पाहिलेलं नव्हतं. काम आटोपलं तरी मंडळी ओसरीवर रेंगाळायची. आणि अण्णा तरी काय, न विचारता वेळ सांगायचे.

खरं म्हणजे घड्याळ त्यांचं नव्हतंच. तहसीलदारसाहेब हजला निघाले तेव्हा अमानत म्हणून ते अण्णांच्या हाती देऊन गेले. साहेबांच्या वारलेल्या भावाचं होतं, वाळूत-समुद्रात खराब होईल ही धास्ती. रोज चावी देत जा, एवढंच सांगितलं. वर, ज्यानं ते बनवलं त्याची हकीकतही सांगितली. डोंगरातलं खेडं, हिवाळ्यात दारापर्यंत बर्फ. शेत बंद पडलं की आजोबा खिडकीशी बसून चाकं घासायचा, पुढं मुलगा, मग नातू. त्या घराण्याचं नाव झाकणाच्या आत कोरलेलं होतं.

अण्णांनी ती हकीकत डोक्यावरच घेतली. आजोबाचा मुलगा, मुलाचा मुलगा, सगळं असं सांगायचे की भाऊबंदच वाटावेत. लोकांना घड्याळ अण्णांचंच वाटायचं, आणि ते काही तो गैरसमज दूर करत नव्हते. माणूस होता तो, चालायचंच.

मग खंडेनवमी आली. कचेरीत आम्ही बोरू, दौती, दप्तरं पाटावर मांडून पुजायचो. अण्णांनी घड्याळही मांडलं. वरून गंधाचं बोट लावून भागलं असतं, पण त्यांनी नखानं मागचं झाकण उघडलं.

"नाव आत हाय," ते म्हणाले. "कुंकू घराण्याला लागलं पायजे."

त्यांनी पाणी शिंपडलं, हळद वाहिली, कुंकवाची चिमूट सोडली. आम्ही सगळ्यांनी भक्तिभावानं हात जोडले. इतकी शहाणी माणसं बसलेली, पण आत पाणी गेलं तर चाकांचं काय होईल, हे एकालाही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी घड्याळ बंद. अण्णा ते कानाशी धरायचे, हलवायचे, पुन्हा कानाशी धरायचे. बीडच्या कारागिरानं उघडलं, लाल चिखल पाहिला आणि हात जोडून परत दिलं. त्यानंतर अण्णा बाहीचं बटण लावून बसू लागले. हाताखालची माणसं मागून चिडवायची, "घराणं झोपलं वाटतं." अण्णांच्या कानावर जायचंच ते. साहेबांना काय तोंड दाखवू, एवढंच ते मला पुन्हा पुन्हा म्हणायचे. आयुष्यात कुणाची सुपारीसुद्धा फुकट न खाल्लेला माणूस, आणि अमानतीला बट्टा लागला होता.

साहेब हजहून परतले तेव्हा सगळी कचेरी भेटीला गेली. ते प्रत्येकाच्या हातावर खजूर ठेवत होते. अण्णांनी रुमालातून घड्याळ पुढं केलं. साहेबांनी झाकण उघडलं.

"ये लाल क्या है, अण्णा?"

"पूजा की, हुजूर."

"किसकी?"

"बनानेवाले की."

साहेबांनी आतलं कुंकू पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, मी जवळच उभा होतो. मग त्यांनी झाकण हळूच लावलं, घड्याळ खिशात ठेवलं आणि अण्णांच्या हातावर इतरांसारखेच खजूर ठेवले. पुढं त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

वाटेत अण्णा मला म्हणाले, "जोड्यानं हाणलं असतं तर बरं झालं असतं रे." खजूर तसेच मुठीत होते, चिकट झालेले.

त्यानंतर खंडेनवमीला अण्णा पाटाजवळ फिरकत नसत. दाराशी उभे राहायचे, हात मागं बांधून. आम्ही बोलावलं तर म्हणायचे, "तुमी करा."

ते गेले त्याच्या आदल्याच आठवड्यात मी घरी भेटायला गेलो होतो. अंथरुणाला खिळलेले, आवाज बसलेला. निघताना सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "अण्णा, किती वाजले असतील?" त्यांचा उजवा हात आपोआप डाव्या बाहीकडे गेला, बाही थोडी वर सरकली. मोकळ्या मनगटाकडे त्यांनी पाहिलं, बाही ओढून घेतली आणि हात पांघरुणाखाली लपवला.

"बाहेर कुणाला तरी इचार," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं.